मेतकूट लावून चढलेला धोंडा

ये गं, अशी जवळ बस. महिनाभर एक फोन नाही, आणि आज आलीस ती कोटसुद्धा न काढता म्हणतेस, आजी, तुला काय कळतंय बोल्डरिंगमधलं, दोराशिवाय धोंडे चढण्यातलं. ऐक मग.

साठ सालानंतरची गोष्ट. इथे जर्मनीत, हायडेलबर्गला तुझे आजोबा पीएचडी करत होते. आमची एकच खोली. घरमालकीण पन्नाशीची, एकटी. दर रविवारी श्वार्झवाल्डच्या जंगलात जाऊन कडे चढायची आणि आल्यावर जिन्यात दोर वाळत घालायची. मी तो दोर बघत राहायची. चिंचेच्या झाडावर वाढलेली मी, इथे चार पावलांत भिंत लागायची. शेवटी विचारलंच. ती म्हणाली, "आधी एक धोंडा. तो चढलात, तर पुढच्या रविवारी दोर बांधून कड्यावर नेते."

एका सकाळी त्या बाई आम्हा दोघांना घेऊन गेल्या. धोंडा कसला, दोन पुरुष उंच ग्रॅनाइट होता तो. मी यांची पँट नाडीनं बांधून घातली होती, पाय अनवाणी. पाय लावायच्या आधी धोंड्याला नमस्कार केला. बाईंना वाटलं चढायची ही पद्धतच असेल, त्यांनीही केला.

आणि मी घसरले. तीनदा. तेव्हा लक्षात आलं, थंडीनं टाचा फुटायच्या म्हणून रोज सकाळी खोबरेल चोळायची सवय. त्या दिवशीही चोळलेलं. ओढ्यात पाय धुतले, गवतानं पुसले, तेल काही जाईना.

आजोबा डबा मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "उतर आता, जेवून घेऊ."

"अहो, उतरायला चढलेय कुठे?"

डब्यात दहीभाताबरोबर पुडीत मेतकूट होतं, सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेलं, शेवटचं. मी पुडी उघडली आणि उटण्यासारखं तळव्यांना चोळलं.

"अगं, आईचं मेतकूट आहे ते."

"मग त्यांना कळवा, सून त्यांच्या मेतकुटावर उभी आहे म्हणून."

तेल सगळं पिठानं ओढून घेतलं. मग दगडानं पाय असा धरला म्हणून सांगू. भेगेत बोटं, गुडघा वर, शेवटी पोटावर सरपटत माथ्यावर. खाली आजोबा नुसताच दहीभात खात होते. बाईंनी मान डोलावली, "गेनाऊ, अगदी बरोबर. रविवारी, सहा वाजता."

त्या रविवारी कड्यापर्यंत दोर आजोबांनीच वाहिला. माझ्या पायांना अजून मेतकुटातल्या हिंगाचा वास येतोय म्हणून वाटभर कुरकुरले, पण वाहिला.

तुमच्या त्या चढायच्या हॉलमध्ये हाताला पांढरी पूड लावतात ना? मला बघायचीय. तुमचं ब्योब्लिंगेन काही लांब नाही, पुढच्या रविवारी ये आणि घेऊन जा मला. माझे गुडघे खालीच बसतील, मेतकूट मात्र मी आणेन.