एकेचाळीस नंबरची गाठ

चौक गावात, जुन्या हायवेला लागून माझं दोर आणि ताडपत्रीचं दुकान आहे. तीस वर्षं दोर विकतोय, पण खरं सांगायचं तर पन्नाशी उलटेपर्यंत मला तीनच गाठी येत होत्या, आणि त्यातली एक आपोआप पडायची. गिऱ्हाइकाला दोर तोलून दिला की माझं काम संपलं. बांधायचं ते त्याने बांधावं.

गाठींचा नाद लागला तो मोबाइलमुळे. एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं म्हणून मी व्हिडिओ बघत बसलो होतो. त्यात एक परदेशी म्हातारा होडीत बसून दोराशी खेळत होता. त्याची भाषा मला कळत नव्हती, हात मात्र कळत होते. त्याने टोक इकडून घातलं, तिकडून काढलं आणि अशी गाठ बसवली की मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. ज्या वस्तूवर माझं घर चालतं तिच्याबद्दल मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. लाज वाटली आणि त्याहून जास्त मजा वाटली. त्या दिवसापासून मी गाठी जमवायला लागलो.

आधी दिसेल ते साठवत होतो. स्क्रीनशॉट काढायचे, व्हिडिओ उतरवायचे, लिंका ठेवायच्या. महिन्याभरात मोबाइलची अडगळीची खोली झाली. व्याह्यांच्या घरच्या पूजेचं आमंत्रण, गुड मॉर्निंगची फुलं, गॅसची पावती आणि मधेच एखादी गाठ. हवी तेव्हा एकही सापडायची नाही. मग एका टेंपोवाल्याने युक्ती शिकवली: कुणालातरी घेऊन ग्रुप काढायचा आणि त्याला लगेच बाहेर काढायचं, म्हणजे ग्रुपात आपण एकटेच उरतो आणि हवं ते टाकून ठेवता येतं. मी बायकोला घेतलं आणि काढलं. युक्ती तिला आधी सांगायला हवी होती, ते राहून गेलं. नवऱ्याने आपल्याला ‘गाठी’ नावाच्या ग्रुपातून काढल्याचं तिला मोबाइलनेच कळवलं. पुढचे चार दिवस डब्यात कारल्याची भाजी आली.

ग्रुपही फार दिवस पुरला नाही. जपून ठेवलेली लिंक उघडावी तर व्हिडिओ आता उपलब्ध नाही म्हणून काळा चौकोन. अरे, टाकलाच कशाला होता मग? मी दुकानात एकटाच मोबाइलवर ओरडायचो. शेवटी मी एक नियम केला. साठवलेली गाठ त्याच आठवड्यात स्वतः बांधायची. दुकानात कापून उरलेले दोराचे तुकडे हवे तेवढे असतात. एका प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकले, प्रत्येक गाठ एकेका खिळ्याला अडकवली, खाली पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नंबर लिहिला आणि मोबाइलमधल्या व्हिडिओलाही तोच नंबर दिला. फळी बघून गाठ शोधायची, अडलं तर नंबरावरून व्हिडिओ काढायचा.

फळीवर खण पाडले ते मात्र दोरवाल्याच्या डोक्याने. दुकानात कुणी आलं की आम्ही पहिल्यांदा विचारतो, काय बांधायचंय? तेच खणांवर लिहिलं: गवत, पत्रे, कपाट-सोफा, मंडप, जनावर. कुंभिवलीच्या कंपन्यांतून माल भरून येणारे ड्रायव्हर चहाला थांबले की फळीपुढे उभे राहायला लागले. कुणी नाक मुरडायचं, कुणी स्वतःची गाठ बांधून दाखवायचं. त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. मालाची गाठ रस्ताभर घट्ट राहावी आणि उतरवताना एका हिसक्यात सुटावी. तशी फळीवर एक होतीच, बारा नंबरची. ती बांधून, एका ओढीत सोडून दाखवली की ड्रायव्हर माना डोलवायचे, आणि मी दिवसभर फुगून बसायचो.

हे सगळं ठीक, पण माझ्या ताईने त्या फळीला कधी काडीची किंमत दिली नाही.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचं सासर कळंबचं, शेती आहे, एक म्हैस आहे. लहानपणी माझ्या चड्डीची नाडी मी सात वर्षांचा होईपर्यंत तीच बांधायची, आणि हे ती माझ्या सुनेपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळी झाली आहे. आमची आई घाटावरची. नागपंचमीला झाडाला झोका बांधायची रीत तिने माहेराहून आणली होती. मी अकरा वर्षांचा असताना एका नागपंचमीला हट्टाने झोका मी बांधला. पहिली ताई बसली. दोनतीन हेलकावे झाले, गाठ सुटली आणि ती उजव्या मनगटावर पडली. हाड बसलं, पण जरा वाकडंच बसलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ताईने दर नागपंचमीला पोरीबाळींना झोके दिले. स्वतः एकदाही बसली नाही. कुणी आग्रह केला की हसायची आणि म्हणायची, आधी माझ्या भावाला नाडी बांधता येऊ दे. सगळे हसायचे. मीही हसायचो, पण ते वाकडं मनगट दिसलं की दुसरीकडे बघायचो.

गेल्या श्रावणात फळी भरत आली आणि मला जोर चढला. ताईला फोन करून सांगितलं की या वर्षी झोका मी बांधणार आणि त्यावर तू बसायचंस.  ती म्हणाली, आधी बांध, मग बघू.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कळंबला पोचलो. दुकानातला सगळ्यात चांगला, अंगठ्याएवढा जाड दोर नेला होता. परसात मोठी चिंच आहे. तिच्या आडव्या फांदीला मी झोका बांधला, दोन्ही बाजूंना बारा नंबरच्या गाठी मारल्या आणि मागे सरून उभा राहिलो. ताईने बसण्याच्या फळीवर तांदळाचं पोतं आडवं ठेवलं, ते दोराला बांधलं आणि डाव्या हाताने ढकललं. पोतं गेलं, आलं. गेलं, आलं. चौथ्या वेळेला उजवीकडची गाठ जणू कुणी ओढल्यासारखी सुटली आणि पोतं चिखलात आपटलं.

मी छप्पन्न वर्षांचा, नातू असलेला माणूस त्या झाडाखाली पुन्हा अकरा वर्षांचा झालो. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पोत्याकडे बघत होती आणि उजवं मनगट डाव्या हाताने चोळत होती.

“मी बसले नव्हते, बरं झालं,” एवढंच म्हणाली आणि पोतं पुसायला फडकं आणायला गेली.

मी ओट्यावर बसून मोबाइल काढला. परसात रेंज नसते, पण माझं सगळं उतरवून ठेवलेलं, त्यामुळे अडलं नाही. ‘झोका’ लिहून शोधलं. सात व्हिडिओ निघाले आणि सातही छताला हूक ठोकायचे, साखळ्या लावायचे. मग फळी आठवून एकेका खणाचे व्हिडिओ काढले. गवत, पत्रे, कपाट-सोफा, मंडप. सगळीकडे घट्ट आवळायच्या आणि झटकन सोडायच्या गाठी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माल एका जागी गप्प बसतो, झोक्यात मात्र दोर एकदा ताणतो, एकदा सैल पडतो. ज्या गुणासाठी बारा नंबर मिरवत होतो त्याच गुणाने पोतं पाडलं होतं. एवढा पसारा मांडला, नंबर घातले, आणि त्यात ‘माणूस’ नावाचा खणच नव्हता. इतका नालायक संग्रह मी कुणाचा पाहिला नाही.

संध्याकाळी ताई म्हैस बांधायला गोठ्यात गेली, मी कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून मागे. तिने म्हशीच्या मानेभोवती दोर घेतला, एक छोटा फेर केला, टोक फेरातून वर काढलं, लांब दोरामागून फिरवलं आणि पुन्हा फेरात खाली घातलं. ते वाकडं मनगट त्या वळणावर सहज फिरलं. मी उजेड तिच्या हातांजवळ नेला. हे हात मी पाहिले होते, फक्त ते परदेशी होते आणि होडीत बसलेले होते.

“ताई, ही एकेचाळीस नंबरची हाय.”

“कसली एकेचाळीस? म्हशीची गाठ हाय. आयनं शिकवली. म्हस रातभर हिसके देते, पन गाठ सुटत नाय आन् गळ्याला आवळत बी नाय.”

मी तिला व्हिडिओ दाखवला. ज्या म्हाताऱ्याने मला स्टुलावरून उठवलं होतं तोच. त्याची गाठ मी बाकीच्या चाळीस गाठींनंतर बांधली, एकेचाळीस नंबर दिला आणि तिचा फेर जनावराच्या मानेला बरा म्हणून ‘जनावर’च्या खणात टाकून दिली. ड्रायव्हर ती कधी मागत नाहीत, म्हणून मीही तिच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ताईने व्हिडिओ दोनदा बघितला. म्हाताऱ्याला गाठ बरी येते म्हणाली, पण टोक फार आखूड ठेवतो.

नागपंचमीच्या सकाळी पावसाने उघडीप दिली होती. ताई म्हणाली, डावी बाजू मी बांधते, उजवी तू बांध. आधी मी तिच्या हातांचा व्हिडिओ काढला. मग माझी गाठ. तिने ती पाहिली आणि सोडून टाकली. मी पुन्हा बांधली. तिने पुन्हा सोडली आणि टोक वीतभर लांब ठेवायला सांगितलं. तिसऱ्या वेळेला तिने दोराला लोंबकळून दोन झटके दिले आणि मान हलवली. पोतं बांधून सणाला माहेरी आलेल्या तिच्या लेकींनी पन्नासेक झोके दिले. गाठ जागची हलली नाही.

पोतं उतरवलं. लेकी आपापसात आधी कोण म्हणून बोलत होत्या, तोवर ताईने पदर कमरेला खोचला आणि जाऊन बसली.  तिने दोन्ही हातांनी दोर धरले, पाय उचलले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ढकल की रं.”

मी ढकललं. आधी भीत भीत, मग जरा जोरात. ती हसायला लागली, पोरीसारखी खिदळत, आणि मला समोरचं नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते. मला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता ते आठवत नाही.

आता फळीवर ‘माणूस’ नावाचा खण आहे. त्यात एकच खिळा आणि एकच गाठ, आणि तिचा व्हिडिओ होडीतला नाही.

आमच्यात झोका दुसऱ्या दिवशी सोडतात. त्या दुसऱ्या दिवशी कळंबहून निघताना मी शिडी लावून फांदीकडे चढलो, तर ताईने मला खालूनच हाक मारली.

“ऱ्हाऊ दे. पंचेचाळीस नागपंचम्या ऱ्हायल्यात माझ्या.”