खोटा सात नंबर

माझ्या मामेभावाला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी गोडीगुलाबी होईल या आशेवर कुणी बसायला नको. आम्ही दोघांनी साठी ओलांडली. त्याचे गुडघे गेले, माझे दात गेले. तरी नाही.

हे सगळं सुरू झालं तेही दातांवरूनच. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी सहावीत होते. शिरूरला एसटी डेपोच्या मागं आमची गल्ली होती, वडील डेपोत मेकॅनिक. गल्लीत सकाळी कुणी राखेनं दात घासायचं, कुणी कडुनिंबाच्या काडीनं, आणि म्हाताऱ्या बाया ओट्यावर बसून मिश्री लावायच्या. अशात एका कंपनीची पांढरी दंतपावडर बाजारात आली. पत्र्याचा डबा, आणि आत पावडरीत पुरलेला प्लॅस्टिकचा एक छोटा यंत्रमानव. असे एकूण आठ. डब्यावर आठांचं रंगीत चित्र होतं, छाती चमकतेय, डोळ्यांतून उजेड पडतोय, हात वर उगारलेले. आठही जमवून कंपनीच्या पत्त्यावर मुंबईला पाठवले की पोस्टानं एक मोठा यंत्रमानव येणार होता. पत्र्याचा, चावीचा, स्वतःच्या पायांनी चालणारा.

मी पहिला डबा उघडला, बोटानं पावडर उकरली, आणि निघालं काय? अंगठ्याएवढं एकरंगी प्लॅस्टिक! डोळे म्हणजे दोन खड्डे. हात अंगाला चिकटलेले. साच्यातलं जादा प्लॅस्टिक दोन्ही कडांना तसंच सोडलेलं, बोटाला टोचायचं. एक नंबर आणि दोन नंबर यांच्यात पाठीवरच्या आकड्याशिवाय काडीचा फरक नव्हता. तीन नंबरच्या डोक्यावर एरियल होती, ती उकरतानाच मोडायची. पाच नंबर कधी उभाच राहिला नाही. आठ नंबर म्हणे सेनापती, तो सगळ्यांत बुटका. आणि चार नंबर तर दर दुसऱ्या डब्यात. आमच्या गल्लीत चार नंबर इतके झाले की पोरी सागरगोट्यांऐवजी तेच उडवायच्या. मेल्यांनी चांगलंच फसवलं होतं. पण मला वाटायचं, लहान असे निघाले म्हणून काय झालं, मोठा तरी खरा असेल.

आईचा नियम होता, पहिला डबा संपल्याशिवाय दुसरा आणायचा नाही. मग मी दिवसातून चार वेळा दात घासायला लागले. हिरड्या सोलवटल्या. त्या पावडरीनं मी तांब्याचा हंडा घासला, वडिलांचा बिल्ला घासला, शेवटी गल्लीत दारोदार फिरून लोकांना ती पावडर घ्यायला लावली. पावडर तुमची, यंत्रमानव माझा. आमच्या शेजारी एक म्हातारी राहायची, माहेर कवठे येमाईचं, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "माझ्या तोंडात दातं किती, आन् तू मला पावडर लावाय सांगतीस व्हय गं?"

"चार हायत ना आजी? तेवढेच घासा. चालणारा माणूस आला की पहिला तुमच्या ओट्यावर चालवीन. शब्द देते."

म्हातारीनं माझ्या शब्दावर मिश्री सोडली. मिश्री सोडणं काय असतं ते लावणाऱ्यालाच ठाऊक. तिचं डोकं धरायचं, सुनांवर खेकसायची, पण पावडर लावायची. असं करता करता सात यंत्रमानव जमले. सात नंबर मात्र काही केल्या निघेना. त्याला पायांच्या जागी चाक होतं, खरंखुरं फिरणारं, निदान चित्रात तरी. संबंध गल्ली रोज विचारायची, "सात नंबर घावला का?"

मेच्या सुट्टीत मी दौंडला मामांकडं गेले. मामा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते, राहायला रेल्वेची क्वार्टर. मामेभाऊ माझ्याहून दोनच महिन्यांनी मोठा, पण मिजास अशी की जणू गाडी तोच चालवतो. त्याचे आठही जमले होते. वर म्हणाला, "सात नंबर माझ्याकडं दोन हायत."

"एक मला दे."

"दीन की. पण फुकट न्हाई."

तेव्हा इंजिनं वाफेची होती. शेडच्या बाहेर त्यांची राख पाडायचे, आणि त्या राखेत अर्धवट जळालेला कोळसा सापडायचा. आसपासच्या घरांतल्या बाया-पोरं सकाळी जाऊन तो वेचायची, चुलीला व्हायचा. रोज एक टोपली आणायचं काम मामींनी त्याला लावलं होतं. त्यानं ते माझ्या गळ्यात घातलं. मेचे एकतीस दिवस एकतीस टोपल्या, मग सात नंबर माझा.

मी वेचला. वरून मेचं ऊन, खालून गरम राख. बोटं पोळायची, नखांत काळं बसायचं. हा राजा सावलीत बसून कैऱ्या खायचा. टोपली भरली की क्वार्टरच्या कोपऱ्यावर माझ्या हातातून घ्यायचा आणि स्वतः आत न्यायचा. मामी त्याच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायच्या, "लेकरू माझं उन्हानं काळवंडलं गं!" मी मागं काळ्या हातांनी उभी. मला सात नंबर पाहिजे होता.

शेवटच्या दिवशी दौंडच्या स्टँडवर त्यानं कागदात गुंडाळलेला सात नंबर माझ्या हातात दिला. चंदेरी रंग, आणि खाली चाक. बोट लावलं तर गरागरा फिरलं! आठांपैकी काहीतरी करून दाखवणारा तेवढा एकच. बसमध्ये शिरूर येईपर्यंत मी ते चाक फिरवत होते.

वडिलांनी आठांचं पार्सल बांधलं. पोस्टात टाकायला निम्मी गल्ली बरोबर आली. दीड-एक महिन्यानं खोका नाही, लिफाफा आला. आत एक छापील चिठ्ठी आणि एकटा सात नंबर. चिठ्ठीत लिहिलं होतं की हा नग आमच्या कारखान्यातला नाही, सबब संच बाद. बाकीचे सात त्यांनी ठेवूनच घेतले.

मी नखानं चंदेरी रंग खरवडला. पाठीवर खाली चारचा आकडा. पाय ब्लेडनं कापलेले, तापल्या सुईनं भोक पाडलेलं, आणि चाक म्हणजे शर्टाचं चार भोकांचं बटण, टाचणीत अडकवलेलं. एकतीस टोपल्यांच्या बदल्यात मला त्यानं आमच्या गल्लीत पोरी उडवायच्या तसलाच चार नंबर दिला होता.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण त्याहून वाईट म्हणजे गल्लीला काय सांगणार? म्हातारी रोज ओट्यावरून ओरडायची, "आलं का गं तुझं चालतं माणूस?" आणि मी सांगायचे, "येतंय आजी, पोस्टात अडकलंय." दिवाळीपर्यंत मी हे खोटं रेटलं. मामेभावाला कार्ड लिहून जाब विचारला तर उलटटपाली उत्तर: "डब्यातनंच तसा निघाला होता. माझा मोठा यंत्रमानव आला. चालतो. भाऊबीजेला आणतो."

बरं, म्हटलं. आण.

भाऊबीजेला मामा दरवर्षी माझ्या आईकडं ओवाळून घ्यायला यायचे, मामींना आणि लेकालाही आणायचे. त्या वर्षी तो बगलेत खोका धरूनच बसमधून उतरला. गल्ली जमली. त्यानं खोक्याचं झाकण उघडून दाखवलं. निळा पत्र्याचा यंत्रमानव, हातभर नसला तरी वीतभर नक्की. पण हात लावू देईना. "प्रवासानं तापलाय," म्हणाला.

आईनं मामांना ओवाळलं, मग माझी पाळी. ओवाळायच्या ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, अंगठी आणि सुपारी असते. मी सुपारी काढली आणि तिच्या जागी तो खोटा सात नंबर ठेवला. त्यानं ताटाकडं बघितलं आणि त्याचा चेहराच पडला.

"हे काय गं?" मामांनी विचारलं.

"तुमच्या लेकानं दिलेला सात नंबर." आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं, राख, टोपल्या, कंपनीची चिठ्ठी, सगळं. मामी दुसरीकडं बघायला लागल्या.

"डब्यातनंच तसा निघाला," तो पुटपुटला.

मामांनी सात नंबर उचलला. चाक एकदा फिरवून बघितलं. बटणावर त्यांची नजर जरा थांबली. मग त्यांनी तो ताटात परत ठेवला आणि लेकाला म्हणाले, "ती मागंल ती ओवाळणी टाक."

"मला चालणारा माणूस पाहिजे," मी म्हटलं.

त्यानं खोका ताटाशेजारी ठेवला. कुंकू लावायला मी वाकले तेव्हा माझ्या कानाशी कुजबुजला, "चावी देऊ नको. तो चालत न्हाई. आला तवाच मोडका होता. बाबांना ठाव न्हाई. पाया पडतो तुझ्या." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मला दया यायला पाहिजे होती का? असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या कैऱ्या होत्या. मी यंत्रमानव उचलला, सरळ म्हातारीच्या ओट्यावर नेला, सगळ्यांना पुढं बोलावलं आणि पीळ बसेल तेवढी चावी दिली. आत कर्रकर्र झालं. एक पाय उचलला, दुसरा उचललाच नाही. तोंडावर आपटला, आणि मुंडकं निसटून गटारात गेलं.

गल्ली खो-खो हसली. भाऊ रडत घरात पळाला. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. इतकं बरं मला पुढं लग्नातसुद्धा वाटलं नाही.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "म्हंजी पोरी, इतकं महिनं मी मिश्री सोडली ती ह्याच्यापायी?"

आणि हसणं माझ्याकडं वळलं. पोस्टात अडकलंय म्हणून मी सांगितलेलंही तेव्हाच उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी ओट्यावर बसून पुन्हा मिश्री लावत होती. माझ्याकडं बघितलं आणि बाजूला थुंकली. मी दिलेला शब्द त्यानंतर गल्लीत कुणी फारसा मनावर घेतला नाही. तोही हिशोब मी मामेभावाच्याच नावावर धरला.

म्हणून तेव्हापासून आजतागायत दर भाऊबीजेला माझ्या ताटात सुपारीच्या जागी तो खोटा सात नंबर असतो. लग्न होऊन गेले तर बरोबर घेऊन गेले. नवऱ्यानं समजावून पाहिलं, सुना हसतात, नातवंडांना गोष्ट पाठ आहे. तो दरवर्षी दौंडहून येतो, ताटाकडं बघतो, आणि मी भुवई उचलली की म्हणतो, "डब्यातनंच तसा निघाला होता." पन्नास वर्षं हेच एक वाक्य. कबूल म्हणून केलं नाही पठ्ठ्यानं.

यंदा ओवाळून झालं, त्यानं साडी ठेवली, पण हात ताटावरून काढला नाही. बोटानं चाक फिरवत राहिला.

"तायडे, हे आता मला दे," म्हणाला.

"का रं? टोचतंय व्हय?"

"न्हाई. बटण बाबांचं हाय. शेडमधल्या शर्टाचं. तवा बाबा विचारत होते, बटण कुठं गेलं, मी म्हटलं ठाव न्हाई. आन् हितं ताटात बघितलं तवाच त्यांनी वळखलं. शेवटपर्यंत मला बोलले न्हाईत." मग म्हणाला, "बाबांचं दुसरं काईच राह्यलं न्हाई गं माझ्याकडं."

मला मामांची ती थांबलेली नजर आठवली. मामांनी मला फार जीव लावला होता. त्याला देऊन टाकावा म्हणून मी सात नंबरची डबी पुढं ओढली. पण राग म्हणाला, थांब जरा.

"आधी म्हण, मी तुला फसवलं."

त्यानं सुनांकडं बघितलं, नातवंडांकडं बघितलं. "मी तुला फसवलं," म्हणाला.

मी सात नंबर उचलला, डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"अगं, म्हटलं की आता!"

"एकदा म्हटलंस. टोपल्या मी एकतीस भरल्यात. दर भाऊबीजेला एकदा म्हणायचं. आज एक झालं. एकतीस झाल्या की घेऊन जा."

तो बोटांवर मोजायला लागला, मधेच सोडून दिलं. "तवर मी जगतोय व्हय?"

"जगायचं," मी म्हटलं. "गुडघ्याला तेल लाव, आन् पुढच्या वर्षी ये."