साहेबांची गोळी, हिची गोळी

पोळपाट-लाटणं वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंनी माझ्या बायकोच्या हातात दिलं. म्हणाल्या, "हे तुम्हीच घेऊन जा, मावशी. आम्ही नवीन आणू. उद्यापासून येऊ नका."

मी दारातच. डोंबिवलीत आलेलो, म्हणून हिला न्यायला वर चढलेलो. आत या, असं कोणी म्हणालं नाही.

टेबलाशी साहेब बसलेले. रिटायर, शिकलेला माणूस. पुढ्यात शुगरच्या गोळ्यांची डबी, वारांची नावं लिहिलेली. ते बाईंना म्हणाले, "अगं, मग आता माझी गोळी? पोळीशिवाय कशी घेऊ?"

झालेलं एवढंच, की चष्म्यासाठी हिनं पिशवीत हात घातला आणि सरकारी दवाखान्यातली गोळ्यांची बाटली खाली पडली. साहेबांनी उचलली, मोबाईलवर नाव टाकलं. एचआयव्ही. पोळीतून तो कोणाला होत नाही, हे त्याच मोबाईलमध्ये खाली लिहिलेलं असणार. तिथवर वाचतोय कोण?

बाईंनी विचारलं, "कुठून आणलंत हे?"

शुगर कुठून आणली, असं साहेबांना कोणी विचारलेलं का? आम्हा दोघांना एकदमच कळलेलं. कोणामुळे, ते आम्ही आमच्या घरातसुद्धा विचारलं नाही. ही बाई कोण विचारणारी? तोंडापर्यंत आलेलं. गिळलं. हिचा हात धरून खाली उतरलो.

खरं सांगतो, राग नंतर आला. आधी हेवा वाटला. जळलो मी. त्या माणसाच्या गोळीसाठी अख्खं घर घड्याळ बघायचं. बायको पाणी घेऊन उभी. मुलगी परदेशातून फोनवर, "बाबा, गोळी घेतली ना?" आणि ती गोळी चुकू नये म्हणून माझी बायको दिवा स्टेशनहून पहाटेच्या लोकलनं उपाशी निघायची. हिची गोळी मात्र चोरीची. लोकांच्या संडासात, नळ सोडून, म्हणजे झाकणाचा आवाज बाहेर नको.

त्यानंतर हिनं बाटली पिशवीत ठेवणंच सोडलं. दुसरं काम धरलं, पण गोळी घरी राहायची आणि तिची वेळ कामावरच टळून जायची. गोळ्या देणाऱ्या सरकारी सेंटरवरची ताई ओरडायची, "मावशी, रोज घेतलीत तर नातवंडांची लग्नं बघाल. चुकवू नका हो." ही हसायची. "तुझ्याच घरी पोळ्यांचं काम दे ना मग. तुझ्यासमोर गिळते."

गोळी फुकट मिळत होती. गोळी चांगली होती. मी तीच खाऊन उभा आहे. ही भीतीनं चुकवत राहिली, मग टीबीनं धरलं, आणि गेली.

महिन्याभरानं बाईंचा फोन. "काका, कळलं हो. फार वाईट झालं. यांना अजून मावशींच्याच पोळ्या आठवतात. तुमच्या ओळखीत कोणी आहे का? म्हणजे... टेस्ट केलेली बघा हं."

मी विचारलं, "साहेबांची शुगर कशी आहे?"

"एकदम कंट्रोलमध्ये."

"हिचा आजार पण कंट्रोलमध्येच होता, बाई. तुमच्या घरात बाटली पडेपर्यंत." या वेळी नाही गिळलं.

हेवा गेलेला नाही. जायला नको आहे मला. साहेब जगतो, त्यावर माझी तक्रार नाही. तो उजेडात बसून जगतो, तो उजेड मला पाहिजे. हिला मिळाला नाही तो.

काल बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर आला. हंडे, ड्रम, सगळे रांगेत. मी खिशातून गोळी काढली, पुढच्या पोरीला म्हणालो, "ताई, घोटभर पाणी दे गं." तिनं दिलं.

मागून शेजारी म्हणाला, "काय काका, बीपी काय?"

हो म्हणालो असतो तर बसायला स्टूल आलं असतं.

"नाही. एचआयव्ही. बायको पण त्यातच गेली, गोळी लपवून लपवून."

एका बाईनं आपला हंडा बाजूला ओढला. ओढू दे. मी माझा ड्रम भरला. उद्याची गोळी पण इथंच, सगळ्यांच्या समोर घेणार.