पंचाक्षरीनं नाकारलेलं विवर

उदगीरच्या एका कॉलेजात पंचाक्षरी भौतिकशास्त्र शिकवायचा आणि बहुतेक माणसांना मूर्ख समजायचा. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात तर त्याची खात्रीच पटली. नळ कोरडे, टँकरपुढं घागरींच्या रांगा, आणि पुढारी तहसीलसमोर मांडव टाकून बसलेले. काय तर म्हणे उदगीर जिल्हा झालाच पाहिजे! जणू पाटी बदलली की नळाला धार लागणार होती.

त्याचं काम वेगळंच. दूरच्या दीर्घिकेत एक्स-किरणांनी भयंकर लखलखणारा एक स्रोत होता. कृष्णविवर भोवतालचा वायू ओढून घेतं, तो तापतो, त्याचा तो उजेड. तेज कमी-जास्त झालं की त्याचा वर्णपट कसा बदलतो, हे पंचाक्षरी उपग्रहाच्या नोंदींवरून कित्येक वर्षं तपासत होता. विवर जेवढं मोठं, तेवढा भोवतालचा वायू कमी तापतो; म्हणून आधी वाटलं, एवढ्या लखलखाटाच्या मानानं वायू थंड आहे म्हणजे विवर अवाढव्य असणार. हुरळून त्यानं प्राचार्य माणिकप्पांना ते सांगूनही टाकलं. पुढच्या निरीक्षणांनी घात केला. तेज वाढलं की वायू जास्त तापायला हवा होता, हा उलट निवत होता. म्हणजे विवर साधंच असावं, फक्त अधाशी, आणि दिसत होता तो त्यानं बाहेर उधळलेला वायू.

माणिकप्पांनी मात्र जिल्ह्याच्या मागणीच्या त्या मांडवात त्याचा सत्कार ठेवला आणि फलक लावला, ‘महाकाय कृष्णविवराचे संशोधक’.

“सर, ते महाकाय न्हाई,” पंचाक्षरी कुजबुजला.

“ते बारीकसारीक नंतर सांगा हो. जिल्ह्याला नाव पायजे.”

शाल अंगावर पडली. पंचाक्षरीनं माईक ओढला. “मी विवर शोधलेलं न्हाई. जे सापडलं वाटलं, ते चूक निघालं.”

 मग माणिकप्पा गहिवरून ओरडले, “बघा, एवढा मोठा माणूस, पण जरा गर्व न्हाई!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्व नाही म्हणे! तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडं भरपूर होती.

घरी तो आईपुढं, शिवम्मापुढं, तणतणला. तिनं विचारलं, “चूक कुणाची निघाली?”

“माझीच, अव्वा.”

“मग वाजवल्या टाळ्या तर काय बिघडलं?”

 तिनं घागर पुढं केली, टँकर आला होता.

पुढं त्याचा शोधनिबंध छापून आला. उदगीरात तो कुणी वाचला नाही, आणि त्या साली जिल्हाही झाला नाही.