भाऊनं बाजूला ठेवलेला प्लॅन

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्याच्या घरी पाचवीचे पेपर तपासत होते. माझा मोठा भाऊ गेला… कामावरच, हृदयविकारानं. त्याला दीड महिना झाला. दुःख करायचं की त्याच्याशी भांडायचं, हेच मला अजून उमगत नाही.

भाऊ धुळ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट होता. असोद्याला, आमच्या गावी, सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. तो दरवेळी सांगे, डॉक्टर नाही मी. किरणं कुठे, किती, कोणत्या बाजूनं द्यायची याचं गणित करतो. पेशंटना तो ठाऊकही नसे. तो आतल्या खोलीत संगणकासमोर.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वडिलांच्या, आबांच्या, घशात कॅन्सरची गाठ निघाली. मुलगा आहे म्हणून ते धुळ्यालाच गेले. “मले काई समजत नाई. तू कर म्हनजे झालं,” एवढंच म्हणाले. भाऊनं मान डोलावली, आणि काम मात्र सहकारी सुनीता मॅडमकडे सोपवलं. किरणं संपत आली तेव्हा आबांना पाणीही गिळवेना. मी भाऊला फार बोलले. परक्यांचं एवढं नीट करतोस, बापाच्या वेळी हात का आखडलास, असं विचारलं. तो उठून आत कामाला गेला. आबा त्यातून उठले, दोन वर्षं भाकरी खाल्ली, मग दुसऱ्याच दुखण्यानं गेले… माझी अढी तेवढी राहिली. दिवाळीलाही आम्ही जेवढ्यास तेवढं बोलायचो.

गेल्या आठवड्यात त्याचं सामान आणायला गेले, तेव्हा सुनीता मॅडम म्हणाल्या की आबांच्या किरणांचा पहिला प्लॅन सरांनीच केला होता, तीन दिवस बसून.

“गिळताना त्रास नको म्हणून अन्ननलिका वाचवत होते. त्यात गाठीला डोस कमी पडत होता. त्यांच्याच लक्षात आलं. म्हणाले, हा मुलानं केलेला प्लॅन आहे, तुम्ही करा.”

हे मला का नाही सांगितलंस, हे आता विचारू कुणाला? आणि सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का…

न वापरलेला तो प्लॅन अजून संगणकात आहे. मॅडमनी उघडून दाखवला. आबांच्या गळ्याचं चित्र, त्यावर रंगीत पट्टे. लाल म्हणजे किरणं जास्त, निळा म्हणजे कमी. अन्ननलिकेभोवती भाऊनं सगळं निळं राखलं होतं, आणि एका कडेला ते निळं गाठीत शिरलं होतं. मी तिथं बोट ठेवलं.

“हो, तीच जागा,” मॅडम म्हणाल्या.

भाऊच्या खुर्चीत बसून मी ती निळी कड किती तरी वेळ बघत राहिले.