आत्याचा पंधरवडा

आमच्या आत्याला कुणाच्याही घरात शिरल्याबरोबर डबे उघडून बघायची सवय होती. चहा नंतर, खुशाली नंतर, आधी डबे. उभी हयात प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून गेलेली. पोरांची दप्तरं तपासता तपासता बाई जगाचीच तपासायला लागली, असं आई म्हणायची. पण तिची वाट सगळ्यात जास्त आईच बघायची. उन्हाळ्याची सुट्टी संपायला दोन दिवस उरले की आत्या बेटम्याहून बसनं इंदूरला यायची, छत्रीबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत पिशवी टेकवायची आणि जाहीर करायची, "चला, पंधरा दिवस आता माझं राज्य!"

आई दवाखान्यात कामाला, बाबा पोलोग्राउंडला एका कारखान्यात फिटर. शाळा उघडली की आमच्याकडे सकाळी नुसता तमाशा असायचा. मोजा सापडत नाही, दूध उतू गेलंय, रिक्षावाला खाली हॉर्न बडवतोय. आत्यानं त्यावर तोड काढली होती. पंधरा दिवस रात्री एकच पदार्थ, म्हणजे सकाळची तयारी रात्रीच उरकायला वेळ मिळायचा. मुगाची खिचडी, नाहीतर पिठलं-भात, नाहीतर थालीपीठ. "वर्ग नवा, बाई नवी, निदान पोटाला तरी ओळखीचं द्या," म्हणायची. बाबा खिचडीवर मूठभर शेव ओतायचे, तेव्हा तिचे डोळे मोठे व्हायचे. "बाळ्या, ही काय शेवेची खिचडी आहे का रे?" बाबा म्हणायचे, "ताई, इंदुरात राहून शेव सोडली तर लोग क्या कहेंगे!"

जेवणं झाली की सगळ्यांनी लिहायला बसायचं. गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं ती फाडून ठेवायची. आज काय जड गेलं ते चार ओळींत लिहायचं, कागदाची घडी करायची आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. पंधराव्या दिवशी ती गच्चीवर घमेल्यात सगळे कागद जाळायची. "कुणी वाचायचं नाही. मी तर नाहीच, देवाशपथ. लिहिलं, जाळलं, किस्सा खतम." बाबा पेन्सिल चावत बसायचे. आई लिहिता लिहिता डोळे पुसायची आणि कांद्याला नावं ठेवायची. कांदा तर कधीच चिरून झालेला असायचा! खरं सांगते, मला ते फार आवडायचं. शाळेची धास्ती कागदावर उतरली की रात्री झोप लागायची.

सातवीत मला मोठ्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथं पोरी गाड्यांतून उतरायच्या. दुसऱ्याच आठवड्यात मी डबा घरी विसरले आणि मधल्या सुट्टीत बाबा फाटकाशी हजर. ऑइलचे डाग पडलेला युनिफॉर्म, घामेजलेला चेहरा. "पूरा खाना हं बेटा," म्हणाले आणि स्कूटर वळवून गेले. शेजारच्या मुलीनं विचारलं, "ये कौन थे?" मी म्हटलं, "ड्राइवर भिया हैं हमारे." भिया म्हणजे भैया, इंदुरात कुणाही परक्याला म्हणतात तसं.

इतकं पटकन तोंडातून गेलं! रात्री मी ते जसंच्या तसं कागदावर लिहिलं, ड्राइवर भियासकट. मला माझी शरम वाटते, असंही लिहिलं. पंधराव्या दिवशी घमेल्यात जाळ झाला तेव्हा मी अगदी जवळ उभी राहिले होते. वाटलं, सुटले बाई.

त्यानंतर रिक्षा चुकली की बाबा मला शाळेच्या अलीकडे, मेडिकलच्या दुकानाशी सोडायला लागले. "पुढे गर्दी असते," म्हणायचे. पालकसभेला आई एकटी यायची. मला वाटलं, कामानं थकतात. दिवाळीच्या आधी मी म्हटलं, "बाबा, गॅदरिंगला यायचं हं तुम्ही." ते हसून म्हणाले, "आईला ने. मैत्रिणींना ड्राइवर काय दाखवायचा?" आणि लगेच जीभ चावली. हा शब्द मी घरात कुणाजवळही काढला नव्हता, फक्त त्या कागदावर लिहिला होता.

दिवाळीत आत्या आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती पोळ्या लाटत होती.

"तू वाचलंस."

लाटणं थांबलं नाही. "वाचलं. दरवर्षी वाचते. त्याशिवाय कळणार कसं, कुणाला काय खुपतंय ते?"

"आणि बाबांना सांगितलंस!"

"माझा भाऊ आहे तो. लाडानं डबा घेऊन फाटकात उभा राहायचा आणि त्याला पत्ताच नाही, लेक काय म्हणते ते. मला नाही बघवलं."

"देवाशपथ म्हणाली होतीस."

"हो," आत्या म्हणाली. "म्हणाले होते."

बस्स. माफी नाही, काही नाही. पुढच्या जूनपासून मी तिची खिचडी खायची आणि कागदावर "सगळं ठीक आहे" लिहायची. आता मी नोकरी करते. तरी अजून कुणी म्हटलं, "बोल ना, कुणाला सांगणार नाही," की माझं तोंड शिवलं जातं. ही आत्याचीच देणगी. दगा दिला तिनं मला, साफ दगा. माझी चूक माझ्या तोंडानं कबूल करायची होती मला, तेसुद्धा तिनं परस्पर करून टाकलं.

गेल्या वर्षी आत्या गेली. तेरावं आटोपून बाबा आणि मी बेटम्याहून बसनं परत निघालो. मी म्हटलं, "बाबा, सातवीत मी तुम्हाला..."

"माहीत आहे बेटा."

"मला सांगायचं होतं तुम्हाला. आत्यानं वेळच दिला नाही."

बाबांनी खिडकी ओढून लावली. "मी ताईला म्हटलं होतं, तो कागद मला देऊ नकोस. पोरीचा आहे, तिचं तिला सांगू दे. ऐकलं नाही. वाचूनच दाखवलं." मग म्हणाले, "तीन वर्षं राखीला तिच्यापुढे हात केला. तोंडाकडे बघितलं नाही तिच्या."

इतकी वर्षं मला वाटत होतं, तिनं मला एकटीलाच फसवलं. मी बाबांचा हात धरला. तिच्यावर रागावलेले आम्ही दोघं तिच्यासाठीच रडत होतो आणि कंडक्टर विचारत होता, "भिया, कहाँ उतरोगे?"