आमच्या मामांचं रक्त

आपल्या मरणाची इतक्या तब्येतीत तयारी करणारा माणूस, माझ्या बायकोच्या मामांखेरीज, अख्ख्या डोंबिवलीत दुसरा नसेल. वय अडुसष्ट, प्रकृती ठणठणीत, दात स्वतःचे; पण वडील आणि काका दोघंही अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले, तेव्हापासून "हे आमच्या रक्तात आहे" या एका वाक्यावर मामांनी सगळं आयुष्य उभं केलं होतं. लग्नसुद्धा केलं नाही. चहा समोर आला की ते खिशातून थर्मामीटर काढत आणि तो निवेपर्यंत यजमानांना अन्ननलिका कुठून कुठे जाते ते समजावत. घास इतका चावत, की मठ्ठा वाढणारा तीनदा पानाशी येऊन परत जाई. लग्नकार्यांना मात्र आवर्जून जात आणि कोपऱ्यातलं एखादं वयस्कर माणूस गाठून नात्यात कोण कशाने गेलं ते विचारत. दिवा स्टेशनजवळ एका साखरपुड्यात त्यांनी असंच नवऱ्या मुलाच्या आजोबांबद्दल विचारलं. आजोबा शेजारच्याच खुर्चीवर होते. "अजून गेलो नाही," ते म्हणाले. मामांनी तेवढंही लिहून घेतलं.

आम्ही हसत असू. पण गेल्या वर्षी ते माझ्या बायकोच्या मागे लागले. "सुमे, तुझी आई माझी सख्खी बहीण. रक्त तेच. तपासून घे." ती आधी हसली, मग आठवडाभर प्रत्येक घासाला तिचा हात गळ्याशी जाऊ लागला. शेवटी मी ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणं हेच त्यांचं काम. आम्ही तिघंही गेलो.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मामांना म्हणाल्या, "जरा बूट काढता?"

मामा चक्रावले. मोज्याला भोक होतं. बाईंनी त्यांचे तळपाय आणि तळहात नीट पाहिले. म्हणाल्या, "एकाच जनुकातल्या दोषामुळे हा रोग घराण्यात चालत येतो, असं फार क्वचित होतं. तेव्हा तळव्यांची कातडीसुद्धा जाड होते. तुमची छान आहे."

"पण बाबा आणि काका?"

"तंबाखू खायचे?"

"दोघंही. बाबा थोडी घेतही असत. आणि चहा दोघांना उकळता लागायचा."

"मग सगळा दोष रक्ताला कशाला? जनुकांतले लहानसहान बदल आपल्या सगळ्यांतच असतात. काहींनी धोका थोडा वाढतो. एखाद्याला दारू नीट पचत नाही, आणि तरीही तो पीत राहिला तर त्याचा धोका बराच वाढतो. पण नुसत्या वारशाने काही ठरत नाही. तुम्ही यातलं काहीच करत नाही. गिळताना त्रास झाला तर लगेच या, एवढंच."

सुमाने मोठा श्वास सोडला. मामा मात्र बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. मग हळूच विचारलं, "म्हणजे मला मुलं झाली असती, तर?"

"बहुतेक इतरांसारखीच," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सुमा रिक्षा बघायला पुढे गेली. मामा तलावपाळीच्या कठड्यावर टेकले. मीही शेजारी बसलो.

"जावईबापू, कळव्याचं एक स्थळ आलेलं," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "दोनदा भेटलो होतो आम्ही. तिला पसंत होतं. मलाही. पण म्हटलं, कशाला एखादीला विधवा करायचं? कारण न सांगताच नकार कळवला."

मी विचारलं, "त्यांचं पुढे...?"

"चांगलं झालं. आमच्या डोंबिवलीतच दिली तिला. दोन मुलगे आहेत." मामांच्या चेहऱ्यावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. "थोरला अगदी तिच्यासारखा हसतो."

"तुम्ही कुठे पाहिलात?"

"दिसतो कधीमधी बाजारात," असं म्हणून मामा उठले आणि रिक्षाकडे चालू लागले.